भटूपेक्षा जास्त

बोरसे सरांचा वर्ग कुठे आहे हे आमच्या शाळेत नव्या माणसालाही विचारावं लागत नसे. फाटकातून आत आलं की आधी टेबलावर छडी आपटल्याचा आवाज यायचा, मग "जात सांग!" अशी आरोळी, आणि उत्तर चुकलं तर तिसरा आवाज. तो छडीचा नसायचा, हाताचा असायचा. छडी त्यांनी फक्त टेबलासाठी ठेवली होती.

मी तिथे मराठी शिकवायला रुजू झाले त्याच आठवड्यात शिक्षण खात्याचे एक अधिकारी तपासणीला आले. मुख्याध्यापकांबरोबर व्हरांड्यातून जाताना "तुझी जात कोणती? उभा राहून सांग!" हे ऐकून ते जागच्या जागी थांबले. दोघंही घाईने आत शिरले. नववीतला एक मुलगा उभा होता आणि फळ्यावर लिहिलं होतं, 'शी सिंग्ज बेटर दॅन हर सिस्टर.' सर 'बेटर'ची जात विचारत होते. मुलगा म्हणत होता, विशेषण.

सर अधिकाऱ्यांकडे वळले. "साहेब, तुम्ही सांगा."

साहेब म्हणाले, "विशेषणच ना?"

सरांचा उजवा हात खांद्यापर्यंत वर आला होता, असं मुख्याध्यापकांनी नंतर स्टाफरूममध्ये आम्हाला आईची शपथ घेऊन सांगितलं. मग तो हात खाली आला आणि सर साहेबांना म्हणाले, "बेटर कोण आहे? ती का तिचं गाणं? ती कशी आहे हे वाक्य सांगतच नाही. ती कशी गाते ते सांगतंय. क्रियाविशेषण. बसा."

साहेब खरंच बाकावर बसले.

शब्दाची जात जन्माने ठरत नाही, तो वाक्यात काय काम करतो त्यावर ठरते, हे सरांचं पहिल्या तासाचं पहिलं वाक्य. उदाहरणाला 'मोअर' असायचा. 'मोअर मँगोज' म्हटलं की विशेषण, 'मोअर ब्युटिफुल' म्हटलं की क्रियाविशेषण, 'आय वाँट मोअर' म्हटलं की तोच सर्वनाम होऊन बसतो. पण त्यांचा खरा जीव होता 'दॅन'वर. 'दॅन'नंतरचं वाक्य इंग्रज अर्धवट टाकतो, त्याने तिथे एक क्रियापद गिळलेलं असतं, ते बाहेर काढल्याशिवाय अर्थ लागत नाही, असं ते सांगत. 'गोविंदा लाइक्स टी मोअर दॅन हिज वाइफ.' गोविंदाला बायकोपेक्षा चहा जास्त आवडतो, की बायकोला आवडतो त्याहून जास्त चहा गोविंदाला आवडतो? पोरं खिदळायची. सर खिदळू द्यायचे, आणि मग खिदळणाऱ्यातल्याच एकाला उठवून विचारायचे, "गिळलेलं क्रियापद कोणतं?" पोरं त्यांना मागे 'दॅन सर' म्हणत.

गिरणेच्या काठचं आमचं गाव भडगावपासून जवळ. सरांचं घर आणि माझं घर समोरासमोर. अंगाने काटक, मान लांब, गळ्याची घाटी बोलताना वरखाली व्हायची. दाढेत सतत लवंग. पांढऱ्या शर्टाच्या खिशात लाल रिफिलचं पेन. ते एकटे राहत. त्यांची बायको लग्नानंतर दुसऱ्या वर्षी धुळ्याला माहेरी गेली ती परत आली नाही. का गेली हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मीही एकदाच विचारलं. सर म्हणाले, "बाई, माझा हात वाईट आहे," आणि घरात निघून गेले. सर गेल्याला आता वर्ष होईल. त्यांच्याबद्दल चांगलंच बोलायचं असं मी ठरवलं असतं, तर ही गोष्ट मी लिहायलाच घेतली नसती.

एकदा शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं आणायला आम्ही दोघं जळगावला गेलो होतो. बाजारात एका कापडदुकानावर भला मोठा फलक होता, 'मोअर चीपर दॅन एनीव्हेअर.' मला काही दिसायच्या आत सर दुकानात. मालकाला म्हणाले, "मोअर काढा." मालकाला वाटलं गिऱ्हाईक आहे, तो म्हणाला, "काढतो ना, कशात दाखवू?" सरांनी समजावलं की 'चीपर'मध्ये जास्तपणा आधीच आहे, त्यावर 'मोअर' घालणं म्हणजे धोतरावर पँट चढवणं. मालक हसला. हसायला नको होतं. सरांनी शेजारच्या रंगाऱ्याच्या डब्यातला ब्रश उचलला, दुकानाच्या स्टुलावर चढले आणि 'मोअर'वर काळा फराटा ओढला. वॉचमनने त्यांना पायाला धरून खाली खेचलं. सर पडले, उठले आणि वॉचमनच्या तोंडावर अशी चपराक दिली की तो माणूस कापडाच्या ताग्यांवर जाऊन आदळला. मग नोकरांनी मिळून सरांना तुडवलं. मी ओरडत होते. परत येताना एस.टी.त सरांचा ओठ फाटलेला, शर्टावर रक्त आणि काळा रंग. मी म्हटलं, "सर, एका शब्दापायी?" ते म्हणाले, "वॉचमनला मारायला नको होतं. त्याने लिहिलं नव्हतं."

हा असा माणूस. आणि त्यांच्या वर्गात भटू होता.

भटू म्हणजे गावातल्या आनंदा आबांचा धाकटा मुलगा. गावात पाच-सहा भटू होते, पण हा गोरा, आडदांड, आणि इंग्रजीच्या नावाने थरथर कापणारा. त्या दिवशी सरांनी 'दॅन'ची जात विचारली. भटूने आधी विशेषण सांगितलं, मग क्रियापद, मग नाम. एकेका उत्तराला सर एकेक पाऊल जवळ येत होते. शेवटी भटूने "सर, माहीत नाही" म्हटलं आणि सरांचा उघडा तळवा त्याच्या उजव्या कानावर बसला. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत होते. आवाज ऐकून मी खडू टाकला आणि धावले. बाहेर येऊन बघते तर भटू कान धरून व्हरांड्यात बसलेला, बोटांमधून बारीक रक्ताची धार, आणि सर त्याच्यासमोर उकिडवे बसून विचारतायत, "भटू, ऐकू येतंय का? भटू, माझ्याकडे बघ. ऐकू येतंय?"

पडदा फाटला होता. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की तो कान आता गेला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी आनंदा आबा चार जणांना घेऊन आले. अख्खी शाळा मैदानात रांगेने उभी. आबांनी सरांची गचांडी धरून त्यांना रांगांच्या मधोमध ओढलं. "मन्हा पोऱ्याना कान फोडा तुनी!" ते ओरडले आणि बैलाच्या आसुडाने मारायला लागले. बाकीचे लाथा घालत होते. मुली रडायला लागल्या. मुख्याध्यापक "आबा, आबा" करत भोवती फिरत होते, मध्ये पडायची हिंमत कुणाची झाली नाही, माझीही नाही. सरांनी एकदाही हात वर केला नाही. वॉचमनला एका थपडेत ताग्यांवर पाडणारा तो माणूस आसूड तोंडावर येत होता तेव्हाही दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा होता. उभं राहवेना तेव्हा गुडघ्यावर बसला. हात मागेच.

आबा दमल्यावर निघून गेले. मुख्याध्यापकांनी पोलिसांत जाऊ म्हटलं. सर म्हणाले, "त्यांचं बरोबर होतं." पाठीला चिकटलेला शर्ट तसाच ठेवून त्यांनी दुपारचे तास घेतले.

त्या दिवसानंतर सरांनी कुठल्याही मुलावर हात टाकला नाही. राग गेला असं मात्र नाही. उत्तर चुकलं की ते वळून भिंतीवर मूठ मारायचे, सगळ्या ताकदीने. नववीच्या वर्गात फळ्याच्या डाव्या बाजूला गिलावा फुटून आतली वीट दिसायला लागली. त्यांच्या बोटांच्या पेरांवरची कातडी वर्षभर भरून आली नाही. मुलं आता मारापेक्षा त्या भिंतीला जास्त घाबरत. भटूला त्यांनी आपल्या टेबलाला लागून बसवलं, चांगला कान स्वतःकडे येईल असा. रोज संध्याकाळी घरी बोलावून शिकवलं. भटू दहावीला इंग्रजीत पास झाला, तेव्हा पेढे द्यायला सरांकडे आला. आबा आले नाहीत, पण त्यांनी पोराला अडवलंही नाही.

वर्षं गेली. सर निवृत्त झाले. भटू शेती करू लागला, लग्न झालं, कानामुळे थोडा मोठ्याने बोलायचा आणि दोन वेळा हाक मारल्यावर वळायचा. दर दिवाळीला सरांच्या पाया पडायला यायचा. सर पाय मागे घ्यायचे.

मग नामदेवचा खून झाला.

नामदेव आणि भटूचा चुलतभाऊ गुलाब यांची शेतं लागून, मध्ये सामाईक विहीर. मोटार कुणी किती वेळ चालवायची यावरून त्यांचं आधीपासून वाजत होतं. एके सकाळी विहिरीवर गुलाबने फावड्याच्या दांड्याने नामदेवला मारलं. भटू तिथे होता. नामदेव जळगावला नेताना वाटेत गेला. त्याची बायको मंगला, पदरी दोन मुली. पोलिसांनी गुलाबला धरलं आणि भटूलाही धरलं. पाहणारी एकटीच होती, शेजारच्या कपाशीत निंदणी करणारी हौसाबाई. ती लांब होती, पण तिने पोलिसांना जबाब दिला, "गुलाबनी नामदेवले भटूपेक्षा जास्त मारं."

जळगावच्या कोर्टाने जामीन नाकारला. वकिलाने हायकोर्टाच्या खंडपीठात अर्ज टाकायचा ठरवलं आणि सगळे कागद इंग्रजीत करून घेतले. ते कागद घेऊन एक दिवस आनंदा आबा सरांच्या दारात उभे राहिले. मी माझ्या ओट्यावरून बघत होते. मैदानातल्या त्या सकाळनंतर आबा त्या दारात पहिल्यांदाच आले होते.  मग आबांनी पिशवीतून कागद काढले. "मास्तर, यामान काय लिखेल शे, वाची सांगा. गावमान इंग्रजी तुम्हलेच येस."

सरांनी मलाही हाक मारली. ते वाचत होते, बोट ओळीवरून सरकत होतं. एका ठिकाणी बोट थांबलं.

"हे 'डिड' कुठून आलं?" सर म्हणाले.

हौसाबाईच्या जबाबाचं इंग्रजी केलं होतं, 'गुलाब बीट नामदेव मोअर दॅन भटू डिड.'

"बाई, मागे जोडलेलं मूळ मराठी वाचा बरं."

मी वाचलं. "गुलाबने नामदेवला भटूपेक्षा जास्त मारले."

"आता सांगा. गुलाबने भटूला मारलं त्यापेक्षा जास्त नामदेवला मारलं? का भटूने नामदेवला मारलं त्यापेक्षा जास्त गुलाबने मारलं?"

मी परत वाचलं. "सर, दोन्ही होतं."

"दोन्ही होतं!" त्यांची मूठ टेबलावर आदळली, आबा दचकले. "पहिल्या अर्थात भटू मार खाणारा आहे, दुसऱ्यात मारणारा. बाईने सांगितलं नाही कोणता. यांनी स्वतःच 'डिड' घालून पोराला मारेकरी केलं. त्याच्याच वकिलाच्या ऑफिसात!"

आबांना 'डिड' कळलं नाही, पण पोरगा मार खाणारा असू शकतो एवढं कळलं. ते खाली जमिनीवर बसले आणि उपरणं तोंडात धरून रडायला लागले. भटूच्या खांद्याला दांड्याचा वळ होता, दवाखान्याच्या कागदावर तशी नोंदही होती.

दुसऱ्याच दिवशी मी सरांबरोबर जळगावला गेले. वकील तरुण होता, चुणचुणीत. चूक त्याने लगेच मान्य केली आणि खूश झाला. म्हणाला, "सर, तुमचं प्रतिज्ञापत्र जोडू. जन्मभर इंग्रजी शिकवलेला शिक्षक सांगतोय म्हटल्यावर वजन पडेल. लिहा, याचा अर्थ एकच, गुलाबने भटूलाही मारलं."

"अर्थ दोन आहेत."

"असतील. आपल्याला एक पुरे आहे."

सर उभे राहिले. मला वाटलं आता हा पोरगा खुर्चीसकट मागे जातो. पण त्यांनी फक्त कागद ओढून घेतला आणि उभ्या उभ्या लाल पेनाने लिहिलं. मूळ वाक्यात 'डिड' नाही. वाक्याचे दोन अर्थ होतात. साक्षीदाराला कोणता अभिप्रेत होता हे वाक्यावरून ठरवता येत नाही. खाली सही. "यातलं एक अक्षर बदललं तर मी खंडपीठात येऊन सांगेन," ते म्हणाले.

टाइप होऊन सह्या-शिक्के होईपर्यंत दुपार झाली. मग सरांना भटूला भेटायचं होतं. तुरुंगाबाहेर लिंबाखाली मी थांबले. ते आत गेले ते ताठ मानेने, आपला विद्यार्थी वाचवून आलेल्या माणसासारखे. बाहेर आले तेव्हा भिंतीला हात लावत लावत आले.

एस.टी.ने एरंडोल सोडलं. मग सर समोरच्या सीटकडे बघत सांगायला लागले.

"मी त्याला म्हटलं, तुझं वाक्य सोडवून आलोय, त्यांनी घातलेलं 'डिड' काढलं.  मी म्हटलं, अरे, दोन अर्थ होतात, तुला कुणी बांधू शकत नाही. तेव्हा म्हणाला, सर, तुम्ही कायम म्हनत, गिळेल क्रियापद बाहेर काढा. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, 'तर मग सर, डिडच शे ते. मी मारं.'"

सरांनी दाढेतली लवंग खिडकीबाहेर थुंकली.

"सोडवायला गेला होता. गुलाबचा दांडा खांद्यावर बसला. तेवढ्यात नामदेव उठला, त्याला वाटलं हाही गुलाबचाच माणूस. भटूच्या तोंडावर थुंकला आणि म्हणाला, बहिऱ्या. बाई, एवढंच. बहिऱ्या म्हणाला. शाळेत चिडवायचे ना त्याला. याच्या हातात पहार आली आणि याने डोक्यात घातली. एकदाच. गुलाबचे दांडे मोजण्यापलीकडचे, भटूची एकच पहार."

मी म्हटलं, "सर, प्रतिज्ञापत्र अजून जळगावातच आहे. परत मागता येईल."

"का मागू? त्यात खोटं काय आहे?" ते माझ्यावर ओरडले. सगळी एस.टी. वळून बघायला लागली. मग त्यांनी सीटच्या लोखंडी दांडीवर मूठ मारली, पुन्हा मारली, पुन्हा. कंडक्टर आला. सरांची पेरं फुटली होती. मी रुमाल दिला तो त्यांनी मांडीवर तसाच ठेवला.

जामीन झाला. 'डिड' काढून टाकल्यावर भटूविरुद्ध फारसं काही उरतच नव्हतं. भटू गावात आला, सरांकडे मात्र आला नाही. आठवड्याने आली ती मंगला.

दुपारची वेळ. मी सरांच्या ओट्यावर शेंगा सोलत होते. मंगलाने आधी दगड फेकला. तो दाराला लागला, दुसरा माझ्या डोक्यावरून गेला. सर बाहेर आले तशी ती धावत आली आणि त्यांच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला लागली. "मन्हा नवराले मारं त्यासनी, आन तुम्ही त्याले सोडाई लयनात! दोन अक्षरं लिखीसन!" सर भिंतीला टेकून मार खात होते. ती थकली, खाली बसली. मग वर बघून साध्या आवाजात म्हणाली, "लोके सांगतस, मास्तर खोटं बोलत नही. मंग सांगा माले. भटूनी मारं का नही?"

मी शेंगांची पाटी खाली ठेवली. "सर," मी म्हटलं, "काही बोलू नका."

सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"मारलं," ते म्हणाले. "एकदा. पहारीने. त्याने स्वतः मला सांगितलं. आणि नामदेव त्याला बहिरा म्हणाला म्हणून मारलं. त्याचा कान मी फोडला होता, हेही तू लक्षात ठेव."

मंगला थेट पोलीस ठाण्यात गेली. संध्याकाळच्या आत सरांचा जबाब झाला. मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की महिनाभर त्यांच्या घराकडे बघितलं नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की पोराने विश्वासाने सांगितलं होतं. महिन्यानंतर मीच गेले आणि तसं म्हणाले. ते म्हणाले, "तिने विचारलं, बाई. तुम्ही सांगा, दुसरं उत्तर काय होतं?"  

खटला उभा राहिला तेव्हा हौसाबाई फिरली. गुलाबच्या भावांनी तिला काय दाखवलं कोण जाणे, पण तिने कोर्टात सांगितलं की माले लांबनं दिसत नही. गुलाबच्या कपड्यांवर रक्त सापडलं होतं, त्याचं सुटणं कठीण होतं. भटूविरुद्ध उरले फक्त सर.

मी त्या दिवशी कोर्टात होते. तोच चुणचुणीत वकील उलटतपासणीला उभा राहिला, सरांचं प्रतिज्ञापत्र हातात नाचवत.

"या वाक्याचे दोन अर्थ होतात, असं आपणच शपथेवर सांगितलं होतं?"

"होय."

"मग आज शपथेवर एकच अर्थ कसा सांगता?"

"वाक्याचे दोन आहेत. झालं ते एकच."

"आरोपी आपला विद्यार्थी. आपण त्याला मारत होतात?"

"मारलं. उजवा कान फोडला."

कोर्टात कुजबुज झाली. वकिलाला हे उत्तर इतकं सरळ येईल असं वाटलं नसावं. "म्हणजे आपला त्याच्यावर जुना राग आहे?"

सर पहिल्यांदाच भटूकडे वळले. भटू मान तिरकी करून, डावा कान पुढे काढून ऐकत होता, वर्गात बसायचा तसा. "नाही," सर म्हणाले. "साहेब, माझी एक विनंती आहे. नामदेव त्याला काय म्हणाला होता, ते नीट लिहून घ्यावं. त्या शब्दाशिवाय त्याने पहार उचलली नसती."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. गुलाबला जन्मठेप झाली. भटूने रागाच्या भरात केलं असं कोर्टाने धरलं आणि त्याला सात वर्षं दिली. निकाल ऐकून आनंदा आबा बाकावरच आडवे झाले, त्यांना उचलून न्यावं लागलं.

आम्ही एस.टी. स्टँडवर आलो. गाडी लागायची होती. सरांच्या साक्षीत गुलाबचे दांडेही आले होते, म्हणून गुलाबचे दोघे भाऊ मागून आले. एकाने सरांना मानेला धरून पाडलं, दुसऱ्याच्या हातात गज होता. पहिला घाव पाठीवर, दुसरा अडवायला सरांचा डावा हात आपोआप वर आला आणि कोपराखाली मोडला. तो आवाज मी विसरले नाही. लोक मागे सरकले. मी त्या पोराच्या दंडाला लोंबकळले, दात रोवले, त्याने मला झटकलं तेव्हा मी फलाटाच्या कडेला पडले. एक रिक्षावाला आणि केळी विकणाऱ्या दोन बायका ओरडत धावल्या तेव्हा ते पळाले. सर रस्त्यावर पडून होते, तोंडात माती. मला म्हणाले, "बाई, तुम्हाला लागलं का?"

मोडलेला हात कधी सरळ झाला नाही. गावातल्या घराची कौलंही त्या आठवड्यात फुटली. सर धुळ्याला बहिणीकडे राहायला गेले.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना भेटायला गेले. बहीण म्हणाली, आज भेटीचा वार आहे, जेलवर असेल. भटूला तेव्हा धुळ्याच्या तुरुंगात ठेवलं होतं. "दर पंधरा दिवसाले जास," ती म्हणाली, "तो पोऱ्या येतच नही भेटाले. हाऊ बाहेर बसस आन घर येस."

फाटकाबाहेर झाडाच्या पारावर नातेवाईक बसले होते, पिशव्या घेऊन. सर टोकाला, दाढी वाढलेली. पिशवीत दोन बनियन आणि साबण. मी शेजारी बसले. सहा महिन्यांत किती वेळा आलात, विचारलं.  त्यांनी लवंग देऊ केली. मुली कशा आहेत मंगलाच्या, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मोठी नववीत आहे, माझ्याच वर्गात. त्यांनी मान हलवली.

यादी घेऊन हवालदार आला. चार नावं पुकारली. मग कागद जवळ धरून म्हणाला, "राजधर बोरसे कोण? चला, तुमचा कैदी येतो म्हणतोय."

सर उठले नाहीत. माझ्याकडे बघायला लागले, जणू चुकीचं ऐकलं.

"सर, तुम्हालाच बोलावतायत," मी म्हटलं.

ते उठले. चांगल्या हाताने केस सारखे केले, शर्टाचं वरचं बटण लावलं. हवालदाराने पिशवी उलटी करून तपासली. मोठ्या फाटकातलं लहान दार बुटकं होतं. सरांनी मान वाकवली आणि वाकडा हात पोटाशी धरून आत गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. पुढे थंडीत ते गेले, बहिणीचा फोन आला तेव्हा कळलं.

भेट वीस मिनिटांचीच असते, असं पारावरची एक बाई म्हणाली. बाकीचे चौघे बाहेर येऊन आपापल्या वाटेला लागले. मला भडगावची शेवटची गाडी धरायची होती. मी घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं होत आली होती आणि सर अजून आतच होते.